हळू वाचलेली ओळ

“भोपाल का पूछा था, कुछ बोली ही नहीं. लिख दो, इच्छा नहीं है.”

लाकडी आडोशापलीकडे हेडक्लार्क कुणाला तरी सांगत होते. मी अलीकडे टाइपरायटरची रिबन बदलत होते. हे माझ्याबद्दल चाललं आहे, हे कळायला थोडा वेळ लागला.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश व्हायचा होता. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला हलणार होत्या आणि प्रत्येकाला विचारलं जात होतं, जाणार का. मलाही विचारलं होतं, चार पुरुषांसमोर. मला जायचं होतं. पण तिथे राहायचं कुठे, आई काय म्हणेल, असा विचार करत मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले, आणि साहेबांनी पुढच्याला बोलावलं.

आडोशापलीकडे जाऊन “मला जायचंय” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी रिबन बसवली. दुपारी यादी टाइप करायला माझ्याकडेच आली. जादा ठरून नोकरी जाणाऱ्यांच्या रकान्यात मी माझं नाव टाइप केलं, एकही चूक न करता.

घरी सांगितलं की जागाच नव्हती. आई म्हणाली, “बरं झालं बाई. आता स्थळांचं बघू.” बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

पुढचे काही महिने मी फारशी बाहेर पडले नाही. आमच्या मोहल्ल्यात, शिंदे की छावनीत, सगळ्यांना सगळं माहीत असे. भाजीवालीसुद्धा विचारी, “दफ्तर नहीं गईं, बिटिया?”

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं दरबारच्या दफ्तरात मोडी लिहिण्यात घालवली होती. संस्थान गेल्यावर त्या अक्षराला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आता मात्र जमिनींचे दावे सुरू झाले आणि जुन्या शिपायांची मुलं-नातवंडं मोडी कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागली. त्यांना ते वाचता येत नव्हते, नव्या साहेबांना तर नाहीच. त्यांच्यातलाच एक जण बाबांना म्हणाला, “पंत, तुमची लेक कॉन्व्हेंटची ना? मग इंग्लिश दुसऱ्या कुणाकडून कशाला करवून घ्यायचं?” पडाव बाजारातून टायपिंगचं एक जुनं मशीन भाड्यानं आणलं. बाबा वाचत, मी इंग्रजीत उतरवी. खाली सही माझी. साहेबापुढे उभं राहून “मुळाबरहुकूम आहे” असं सांगायची वेळ आली तर तेही मीच सांगायचं होतं.

माझ्या शाळेत मराठी नव्हतीच. बाळबोध मराठीसुद्धा मी अडखळत वाची. पण बाबांच्या बोटामागून बघता बघता मोडी सुटी दिसू लागली. आधी आडवी रेघ, तिला टांगलेली अक्षरं, शब्द न तोडता. कचेरीत मी दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. इथे वाक्य कुठे संपतं हे मला ठरवावं लागे. ते ठरवायला मला आवडतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. कागदात वाईट काही आलं, की बाबांचा आवाज मिशीत जाई. मी एकदा स्वयंपाकघरात विचारलं.

“दरबारात असंच वाचायचे,” ते म्हणाले. “वाईट ओळ हळू. ज्याला कळायची त्याला कळते.”

“आणि ज्याला नाही कळत?”

“त्याचा अपमान तरी होत नाही.”

मग एका सकाळी गल्लीतले सुभेदारकाका आले. पणजोबांची सनद त्यांनी लाल फडक्यातून काढली, आधी कपाळाला लावली. “बेटा, असं कडक इंग्लिश लिही की साहेब कुर्सीवरून उठला पाहिजे,” ते मला म्हणाले. मग बाबांना म्हणाले, “दसऱ्याला या सनदेची पूजा करतो, पंत. जमीन आमची, पिढ्यान्‌पिढ्या. बस, साहेबाला कळायला हवं.”

बाबा वाचू लागले. पणजोबांचं शौर्य खणखणीत आवाजात. गावाचं नाव, बिघे, चतुःसीमा. काका मान डोलवत होते. मग आवाज खाली गेला. ओळभर ओठ नुसते हलले आणि शेवटचा शिक्का पुन्हा खणखणीत.

“वा!” काका म्हणाले.

मी ती ओळ बाबांच्या खांद्यावरून वाचली होती.

“टाइप कर,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

ती ओळ गाळावी, तर माझ्या सहीनिशी खोटं जाणार. साहेबाला नसली, तरी कचेरीतल्या जुन्या कारकुनांना मोडी येत होती. पुढच्या तारखेला काका भर कचेरीत खोटे ठरणार, आणि माझ्या कागदावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. गुपचूप लिहावी, तर काकांना ते इंग्रजी वाचताच येणार नव्हतं; ती ओळ त्यांना साहेबापुढेच कळणार. माझी बोटं कळांवर होती. बाबांनी घसा खाकरला. काका फडकं घडी घालत होते.

मी खुर्ची मागे सरकवली. आवाज घोगरा निघाला, पण निघाला.

“काका, एक ओळ राहिली. जमीन चाकरी आहे तोवरच दिलीय. चाकरी संपली की सरकारजमा, असं लिहिलंय. ते मी गाळणार नाही. पण तुम्ही ती आजवर कसत आलात ना? त्याचे कागद घरात शोधा, मिळतील ते घेऊन या. आपण अर्ज त्या वहिवाटीवर करू.”