मागच्या जिन्याची पोरगी

वॉचमनच्या पोरीला इमारतीचं पुढचं दार ठाऊक होतं ते आईबरोबर पुसण्यापुरतं. जिन्याखालच्या खोलीत ती वाढली. खोली देतानाच मालकानं बजावलं होतं की घरच्यांनी मागच्या जिन्यानं ये-जा करायची, पुढं दिसलात तर बिऱ्हाड उचला. मी कामगार युनियनची, असल्या मालकांशी भांडणं हाच माझा धंदा. पण बाप हात जोडायचा, "ताई, भांडाल तुम्ही आणि रस्त्यावर येऊ आम्ही." त्याचंही खोटं नव्हतं.

पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बोलायची इतकं कमी की सगळे तिला घुमीच म्हणत. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कंपनीनं हिशेबाच्या कामासाठी तिला मुलाखतीला बोलावलं. सराव करून घ्यायला बाप तिला आमच्या युनियनच्या खोलीत घेऊन आला.

मी साहेब झाले. "स्वतःबद्दल सांगा."

"मी... वॉचमनची मुलगी."

"बापाला नोकरी आहे. तुला पाहिजे. तुझं सांग."

"हो, मावशी."

"साहेबाला मावशी म्हणतेस?"

कोपऱ्यातली झाडूवाली आजी म्हणाली, "म्हणू दे गं. मावशी म्हटल्यावर नाही म्हणायला त्यालाही जड जाईल."

घुमी हसली नाही. तिच्या तळव्यांचे ओले ठसे टेबलावर उमटले होते. आठवडाभरात उत्तरं तोंडपाठ झाली, तरी दारावर थाप पडली की ती दचकून उभी राहायची. माझा पारा चढला. "खातात का गं तुला ते?"

"मला नाही हो," ती म्हणाली. "माझं काही चुकलं की त्यांना बाबा दिसतील. मग मालकाला खोली दिसेल."

मी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

मुलाखतीच्या सकाळी बाप फाटकावर ड्युटीला होता. इस्त्रीचा ड्रेस घालून, फाइल छातीशी धरून घुमी निघाली आणि पाय आपोआप मागच्या जिन्याकडे वळले. तिसऱ्या मजल्यावर तो जिना चहाच्या खोलीत उघडतो. तिथला माणूस कप भरून बिस्किटं आणायला गेलेला. आतून आवाज आला, "चहा आणताय ना?"

घाबरलेला माणूस आधी हुकूम पाळतो, मग विचार करतो. घुमीनं फाइल काखेत मारली, ट्रे उचलला आणि आत गेली. दोन साहेब, एक बाई. थंडीत दात वाजावेत तशा कपबशा वाजत होत्या. तिनं तिघांपुढे चहा ठेवला. बाई मान वर न करता म्हणाल्या, "जाताना पुढच्या उमेदवाराला पाठव."

घुमी हलेना. पाठीमागं जिना, जिन्याखाली खोली. रिकामा ट्रे पोटाशी धरून ती कशीबशी म्हणाली, "ती मीच."

तिघांनी वर पाहिलं. "मग इकडून कशा आलात?"

पाठ केलेल्या एकाही उत्तरात हे बसत नव्हतं. "मी इथल्या वॉचमनची मुलगी. आम्हाला पुढून यायला बंदी आहे." बोलून गेली आणि तिला वाटलं, गेली खोली.

एक साहेब खाकरला. बाईंनी कप बाजूला सारला. "तो ट्रे ठेवा आधी. बसा." मग हिशेबाचं विचारलं. आपण काय उत्तरं दिली, ते तिला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर ते घर जीव मुठीत धरून होतं. मालकाची गाडी आत वळली की आई भांडी गोळा करायला घ्यायची. फोन आला तेव्हा मी तिथंच होते. ऐकता ऐकता घुमीचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, संपलं.

"हो. सोमवारपासून. हो." तिनं बापाकडे पाहिलं. "कुठल्या दारानं येऊ?"

पलीकडचं उत्तर ऐकायला बाप थांबलाच नाही. टोपी चढवून तो ड्युटीला निघाला होता. "पुढच्या," म्हणाला. "ते दार उघडतो कोण? मीच ना."

बोलला ठणकावून. पण त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा फाटकापर्यंत खुळखुळत गेला.