सशातला ‘स’

माझ्या दाढेची कॅप तिसऱ्यांदा निघाली, म्हणून जालन्यातल्या दातांच्या दवाखान्यात बसले होते. दिवसभराची कामांची यादी तशीच पर्समध्ये होती. शेजारी धावडा गावाकडच्या एक शिक्षिका होत्या. त्यांच्या पुढच्या दाताची कॅप रुमालाच्या गाठीत होती आणि तोंडून ‘ससा’चा ‘थथा’ होत होता.

“पहिलीचा वर्ग आहे, ताई. चित्र दाखवून मी ‘थथा’ म्हणते, मंग पोरंबी ‘थथा’च म्हणून राह्यलीत. माझा दात गेला. त्यांचे तर अजून पडायचेत!”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांना तपासून, नवी कॅप आठ दिवसांनी बसेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या थकल्यासारख्या उठल्या.

“मंग तवर हत्ती शिकवते.”

जिना उतरताना मात्र त्या पायरीपायरीला हळूच म्हणून बघत होत्या, “थथा... थथा...”