शुगर घरची

रोह्यात माझं टायपिंगचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. निडी गावचे फौजेतले निवृत्त हवालदार जिना चढू लागले की मला आवाजावरूनच कळतं. एक पाय वाजतो, दुसरा घासत येतो. मी खाली येतो म्हटलं तर ऐकत नाहीत.

फौजेत त्यांचा उजवा गुडघा गेला. त्याचा भार सोसून पुढे कंबर गेली, मग डावा गुडघा. मेडिकल बोर्डाने पेन्शनसाठी अपंगत्वाचे टक्के दिले ते एकाच गुडघ्याचे. बाकीचं म्हणे वयामुळे. त्यावर हे त्यांचं तिसरं अपील.

या वेळी मी आपणहून त्यात त्यांची शुगरही घातली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही काढा. शुगर माझी घरची हाय, फौजेची नाय."

"अहो, टक्के वाढतील."

"वाढवायचे नायत. जेवढे हायत तेवढे पायजेत. त्यातला एक कमी घेणार नाय."

मी ओळ काढली. त्यांनी उभ्यानेच सही केली.

"हेही फेटाळलं तर?" मी विचारलं.

कठड्याला धरून ते पहिली पायरी उतरले.

"फेटाळू देत की. तुमचा जिना कुठं पळून जातोय?"