पावडरचाचा आणि वादीतलं डिझेल

सांडलेल्या तेलाकडे पावडरचाचा कधी धावत गेले नाहीत. मस्कतपासून लांब, वाळवंटातल्या इब्रीजवळच्या आमच्या ट्रकयार्डात डिझेल सांडलं की सगळे आरडाओरडा करायचे, आणि हे मात्र पांढऱ्या पावडरचा डबा काखेत मारून लग्नाला निघाल्यासारखे सावकाश यायचे. आधी तेलाभोवती एक चक्कर मारायची, उतार कुठे आहे ते बघायचं, मग कडेकडेने पावडरचं रिंगण घालत आत सरकायचं. मधोमध पावडर ओतणाऱ्याला ते गाढव म्हणायचे. एकदा मलाही म्हणाले होते, आणि मी तिथली सेफ्टी ऑफिसर होते.

ती पावडर तेल पिऊन घट्ट होते. अर्ध्या तासाने जमिनीवर रबरासारखा थर तयार होतो आणि फावड्याने अख्खा उचलता येतो. चाचा रत्नागिरीकडचे, त्यामुळे त्याला फणसपोळी म्हणायचे. ती गोठेपर्यंत उकिडवे बसून राखण करायचे. बॅटरीच्या ॲसिडची पावडर वेगळी, तिच्या डब्याला लाल फडकं बांधलेलं. "तेलाचं औषध ॲसिडला चालत नाय, मॅडम," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझी इंजिनीअरिंगची पदवी वाया गेली असं वाटावं.

रोज सकाळी ते मला "जय भीम, मॅडम" म्हणायचे आणि मी त्यांना "सलाम आलेकुम, चाचा". नागपूरहून आलेल्या मला त्या यार्डात मराठी बोलायला तेवढं एकच माणूस होतं. सुरमई मिळाली की माझ्यासाठी कालवणाचा डबा यायचा. यार्डामागे वादी होती, म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. एरवी कोरडीच, पण तिच्यातल्या एका डबक्यात बारा महिने पाणी असे आणि गावातल्या बकऱ्या तिथे प्यायच्या. चाचांची आयुष्यातली बढाई एकच होती. "सतरा वर्षं झाली, वादीत थेंब नाय गेला."

त्या दिवशी एका टँकरचा पाइप फुटला, आणि तासाभरात एका बड्या गिऱ्हाइकाची माणसं यार्ड बघायला येणार होती. चाचांनी रिंगण घालायला घेतलं. किती वेळ लागेल, मी विचारलं.

"गोठेल तेव्हा."

माझा पारा चढला. "चाचा, यल्ला, चला लवकर! पाणी मारा आणि खलास करा."

ते उठून उभे राहिले. "पाणी नको, मॅडम. पाण्यानं तेल मरत नाय, पळतं."

मी पंपावरच्या दोघांना हाक मारली आणि पाणी मारायला लावलं. यार्ड चकचकीत झालं. पाहुणे खूश होऊन गेले.

दुपारी बकऱ्यांचा मालक आला. डबक्यावर डिझेलचा तवंग होता. अर्बाबने, म्हणजे आमच्या यार्डाच्या मालकाने, सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, पाणी कोणी मारलं? पंपावरचे दोघे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "सफाई चाचांकडे असते." एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी इतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग रिपोर्टही मीच लिहिला. सफाई कामगाराने सूचना पाळल्या नाहीत, असं त्यात आहे.

चाचांचा व्हिसा रद्द झाला. विमानाला चार दिवस होते. ते चारही दिवस चाचा कोणी न सांगता वादीत उतरले. पाण्यावर पावडर भुरभुरवायची आणि गोठलेले तुकडे जाळीने काढायचे. मी रस्त्यावरून गाडीतून बघितलं, काच खाली केली नाही. मुलाची शाळा, माझा स्वतःचा व्हिसा, सगळी कारणं मी मनाशी घोकत होते. अर्बाबची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. ती वीस पावलं मी चालले नाही.

निघताना त्यांनी नव्या माणसाला दोन्ही डबे दाखवले. मी बाजूलाच उभी होते. "पानी कभी मत मारना," ते त्याला म्हणाले. "मेरे से एक बार गलती हो गया." मग माझ्याकडे वळून रोजच्यासारखं "जय भीम, मॅडम" म्हणाले. माझ्या तोंडून सलाम फुटला नाही.

आता मी मस्कतच्या ऑफिसात नव्या कामगारांना शिकवते. सफाई कामगाराच्या चुकीचं उदाहरण म्हणून तोच रिपोर्ट पडद्यावर दाखवावा लागतो, आणि मी तो दाखवते. परवा कोकणातून आलेल्या एका कामगाराने विचारलं, "मॅडम, कोण होता तो माणूस?"

"होता कोणीतरी," मी म्हणाले, आणि पुढचं पान लावलं.