स्लॅबवर उकळणारा सूर्य

“पानी उकळून राह्यलं जनू!” दुर्बिणीला डोळा लावून आत्मारामकाका ओरडले. शाळेच्या छतावर जमलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र घाबरले. तेलंगणातल्या जैनथ गावच्या या मराठी शाळेत मी फिजिक्स शिकवते. सूर्याच्या पृष्ठभागाशी तापलेला वायू खालून वर येतो, निवतो आणि कडेने पुन्हा खाली जातो. त्यामुळे तिथे दाणे-दाणे दिसतात. एका दाण्यात आख्खा तेलंगणा मावेल. तेच दाखवायला सगळ्यांना बोलावलं होतं. दुर्बीण मागून आणलेली, तिच्या पुढच्या तोंडाला सूर्याचा फिल्टर घट्ट बसवलेला. पण दाणा एकही दिसत नव्हता. थरथरत होती ती दुपारच्या स्लॅबवरून उठणारी गरम हवा.

पद्मा मॅडम, आमच्या हेडमिस्ट्रेस, खूश होत्या. त्या तेलुगू, पण इथे राहून मराठी शिकलेल्या. मी हळूच म्हणाले, “मॅडम, हे ते नाही.”

“लोकांना कळते?”

“नाही.”

“तुम्हाला कळते ना? मग सांगा.”

सांगितलं. टाळ्या थांबल्या. काका म्हणाले, “मंग आमाले इतक्या उन्हात काऊन बोलावलं, बाई?”

मॅडम पुढे झाल्या. “दुपारची वेळ मी ठरवली. माझी चूक. उद्या सकाळी या, चहा माझ्याकडून.”

वेळ आम्ही दोघींनी ठरवली होती. नाव त्यांनी फक्त स्वतःचं घेतलं.

सकाळी दुर्बीण मैदानातल्या गवतावर मांडली. गवत स्लॅबसारखं तापत नाही. कापूस वेचणीचे दिवस, कोण येणार, असं मला वाटत होतं. पण मॅडमनी आदल्या संध्याकाळी घरोघर फोन केले होते. काका आले. शेताकडे निघालेले आणखी काही जण थांबले.

काकांनी पाहिलं. “दाने हायेत. पन आज तं काईच हालत नाई.”

“ते सावकाश बदलतात, काका. तो काळा ठिपका म्हणजे सूर्यावरचा डाग, त्याच्याजवळचा एक दाणा ध्यानात ठेवा. चहा घ्या, मग परत बघा.”

चहा घेऊन ते परत आले आणि बराच वेळ वाकून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “तो गेला. त्याच्या जागी दोन बारके आले. मॅडम, तुमी बी पाहा.”

मॅडमनी पाहिलं. नंतर रांगेतल्या प्रत्येकाने पाहिलं. त्या दिवशी वेचणी जरा उशिराच सुरू झाली.

सूर्य बघायचा तर सकाळी बघावा आणि दुर्बीण गवतावर ठेवावी. हेडमिस्ट्रेसही चांगली असावी. ते मात्र आपल्या हातात नसतं, मला मिळाली.