हत्तीचा केस आणायला गेलो तेव्हा

आमच्या नेपरव्हिलच्या ग्रुपमध्ये किस्से दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि कोणी घरी आलं की एकात काहीतरी भरून हातात ठेवावंच लागतं! आज हत्तींचा डबा उघडते. मध्ये कोणी बोलायचं नाही. मी नागपूरची आहे, माझा आवाज मोठा आहे आणि मला अडवलेलं चालत नाही.

साल दोन हजार पाच की सहा. आमचे शेजारी मिलिंद आणि सुजाता. त्यांची ईरा नुकतीच पहिलीत गेलेली, आणि पोरगी स्कूल बसला भयंकर घाबरायची. ती पिवळी बस कोपऱ्यावर येऊन 'फुस्स' करून थांबली की ईरा गराजमागे पसार! ऑफिसचे कपडे घातलेली सुजाता तिच्या मागे. रोज सुजाता मीटिंगला लेट, रोज ईरा रडून लाल. शाळेतली काउन्सेलर म्हणाली, "गिव्ह हर टाइम."

मिलिंदची आई, सुमनकाकू, तेव्हा मिरजेहून आलेल्या होत्या. त्या उसळल्याच, "टाइम काय द्यायचा? हत्तीच्या शेपटीचा केस द्या!"

आणि बोट पुढे केलं. चांदीची अंगठी, तिच्यात जाड काळा केस गुंफलेला. काकू लहानपणी विहिरीला घाबरायच्या, म्हणून वडिलांनी माहुताकडून केस आणून करून घातली होती. ती घातली की भीती लागत नाही म्हणे. बोट जाड झालं तशी वाढवून घेतली, पण काढून ठेवली नाही. "विमानातून एकटी आले ती हिच्या जिवावर. पुढच्या रविवारी एकटीच जाणार, तेही हिच्याच. पण जायच्या आधी माझ्या नातीला असा केस मिळालाच पाहिजे!"

"आई, नेपरव्हिलमध्ये हत्ती कुठून आणू?" मिलिंद म्हणाला.

तेवढ्यात आमच्या अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तोंड उघडलं. "अरे, तीन-चार तासांवर एक एलिफंट सँक्च्युअरी आहे ना!"

घ्या! गेला आमचा शनिवार.

* * *

व्हॅनमध्ये मिलिंदने सँक्च्युअरीची ईमेल वाचून दाखवली. तिथले सगळे हत्ती सर्कशीतून सुटून आलेले, रिटायर्ड. त्यांच्यावर बसायचं नाही. हात लावायचा नाही. खायला द्यायचं नाही. ओरडायचं नाही. हे वाचताना सगळ्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मला अजून कळलेलं नाही.

"आणि शेवटी लिहिलंय, हत्ती दिसतीलच असं नाही. त्यांना वाटलं तर बाहेर येतील."

अविनाश भडकला, "म्हणजे एवढं ड्राइव्ह करायचं, आणि हत्तीचा मूड नसेल तर हात हलवत परत?"

मागच्या सीटवरून काकू शांतपणे म्हणाल्या, "आपण त्यांच्या घरी जातोय बाबा. तुझ्याकडे पाहुणे आले की तू तरी कुठे बेसमेंटमधून वर येतोस?"

अविनाशला हा टोला अजून झोंबतो.

* * *

गेटवर बॅगा तपासायला डोना नावाची बाई होती. पांढरे केस, पायात गमबूट, तोंडभर हसू. काकूंच्या पिशवीतून निघालं काय? केळ्यांचा घड, गुळाची ढेप, आणि तळाशी शिवणाची कात्री!

सुजाता दबक्या आवाजात म्हणाली, "आई, कात्री?"

"मग केस काय दातांनी तोडू?"

डोनाने ढेप उचलली. "इज धिस फॉर द एलिफंट्स?"

एवढं इंग्रजी काकूंना बरोबर कळलं. "नो, नो! फॉर यू!" म्हणून त्यांनी अख्खी ढेप तिच्या हातात कोंबली. डोनाने बिचारीने तिथेच तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. "ओ माय गॉड, व्हॉट इज धिस?" तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच. केळी आणि कात्री मात्र तिने ठेवून घेतली, आणि आम्हाला दाखवायला स्वतःच आत आली.

* * *

आत टेकाडावर लाकडी बाकं, समोर कुंपण, पलीकडे एका कडेला हत्तींचा गोठा, बाकी नुसतं गवत आणि झाडं. हत्ती नाहीत! आम्ही बसलो. दशम्या खाल्ल्या. परत बसलो.

अचानक अविनाशला लांबवर राखाडी पाठ दिसली. "बघा बघा, कान हलवतोय!" कॅमेरा नवाकोरा डिजिटल. मेमरी कार्ड भरेपर्यंत त्याने फोटो काढले. मग डोनाने हळूच दुर्बीण पुढे केली. ती पाण्याची टाकी होती, आणि वाऱ्याने तिच्यावरची ताडपत्री हलत होती.

ते फोटो आमच्या कॉम्प्युटरवर अजून आहेत. फोल्डरचं नाव 'एलिफंट ट्रिप'!

* * *

आणि दुपारी ती आली. झाडांमधून, अगदी सावकाश, स्वतःच्या तंद्रीत. डोनाने नाव सांगितलं, रोझी. काकूंनी चपला काढल्या आणि हात जोडले. माझ्यासारखीचं तोंड बंद झालं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावर चाऱ्याचा ट्रक येऊन थांबला. 'फुस्स!' एवढी मोठी रोझी, पण अशी दचकली, गर्रकन वळली आणि गोठ्याच्या भिंतीमागे जाऊन उभी राहिली. आम्हाला तिचा फक्त मागचा भाग दिसत होता.

डोना सांगायला लागली आणि मी काकूंना मराठीत सांगत गेले. सर्कशीत असताना हिला वर्षानुवर्षं ट्रकमध्ये बांधून गावोगाव नेलं. तो आवाज आला की अजून लपते. इथे रोज ट्रक येतो, रोज लपते. "आम्ही तिला ओढून बाहेर काढत नाही. ती येईपर्यंत थांबतो."

ईरा कुंपणाला चिकटून उभी होती. "इज इट लाइक माय बस?"

डोना तिच्याशेजारी उकिडवी बसली. "आय थिंक इट्स एक्झॅक्टली लाइक युअर बस."

काकूंच्या हातातली दुर्बीण मात्र शेपटीवर. "अगं ज्योती, हिच्या शेपटीला केस कसे नाहीत? विचार ना तिला."

मी विचारलं. डोनाने उत्तर दिलं, आणि मला ते काकूंना सांगवेना. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी म्हटलं, "लोकांनी उपटले, काकू. अंगठ्या करायला."

काकूंनी दुसऱ्या हाताने आपली अंगठी झाकली. मला इतकं वाईट वाटलं त्यांच्यासाठी!

* * *

निघायच्या वेळी काकू गायब. सुजाताने शोधलं तर रेस्टरूममध्ये, बोटाला साबण लावून अंगठी ओढत होत्या. बोट सुजलं, पण काढलीच. थेट डोनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "फॉर रोझी. फिअर गो."

डोना गडबडली. हत्तीला अंगठी घालता येत नाही, हे ती बिचारी समजावून सांगायला लागली. काकू मला म्हणाल्या, "ते मला कळतं म्हणावं. तिच्या गोठ्यात खिळ्याला टांग म्हणावं."

मिलिंद घाबरला. "आई, अगं पुढच्या रविवारी तुला एकटीला जायचंय! फ्रँकफर्टला विमान बदलायचंय!"

"माझं विमान एकदाच आहे रे. तिचा ट्रक रोज येतो."

डोनाने अंगठी रुमालात बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

* * *

सोमवारी बस आली. फुस्स झालं. ईरा गराजकडे पळाली, थांबली, आणि तिथूनच ड्रायव्हरवर ओरडली, "आय एम कमिंग! बट यू हॅव टु वेट!"

ड्रायव्हर थांबला. मागे गाड्यांची रांग लागली. मी ड्राइव्हवेवर उभी राहून बघत होते. पोरगी आली, आपली आपण चढली. सुजाता तिथेच पायरीवर बसून रडली.

* * *

रविवारी आम्ही सगळेच काकूंना सोडायला एअरपोर्टवर गेलो. काकू हसत होत्या, पण अंगठ्याने सारखं ते रिकामं बोट चोळत होत्या. सिक्युरिटीच्या रांगेपुढे आम्हाला जायची सोय नव्हती. तिथून पुढे त्या एकट्या.

ईराने आपल्या डोक्यातला एक लांब केस धरला आणि ओढला. "आउच!" मग आजीचं बोट हातात घेऊन गोल गोल गुंडाळला. गाठ सुजाताने मारून दिली.

"आजी, धिस वन इज नॉट स्केअर्ड."

आम्ही दोरीच्या अलीकडून बघत राहिलो. सिक्युरिटीवाल्याने काकूंना बांगड्या काढायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं, चपला काढायला लावल्या. काकूंनी मुकाट्याने सगळं ट्रेमध्ये ठेवलं. मग त्याने हाताकडे बोट दाखवलं, तेव्हा मात्र काकूंनी मूठ आवळून छातीशी धरली आणि ईराकडे मान वळवून काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो माणूस वाकला, काकूंनी मूठ उघडली तेव्हा बोटावरचा केस त्याने निरखून बघितला, मग पलीकडे ईराकडे बघितलं, आणि बाजूला होऊन काकूंना हाताने वाट दाखवली.