‘गेली’ नव्हे, ‘बंद केली’

म्हात्रे साहेबांशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा. वीज वितरणाच्या कामात उभी हयात घालवून साहेब निवृत्त झाले आणि कल्याणला छतावरची सौर पॅनेलं बसवायला शिकवू लागले. पहिल्याच दिवशी मी वीस मिनिटं उशिरा पोचले आणि म्हणाले, "सर, आमच्याकडे लाईट गेली होती. लिफ्ट बंद, अर्ध्या मजल्यावर अडकले."

"गेली? कुठं गेली? पाय फुटले का तिला?"

वर्ग हसला, साहेब हसले नाहीत. "वीज आपणहून जात नाही, बाय. कुणीतरी ती बंद करतं, नाहीतर काहीतरी तुटतं. दोन्ही वेळा एक माणूस खांबावर चढतो. तो कोण, ते विचारून ये. मग बस."

मला असा राग आला! डिप्लोमा झालेली मी, आणि हा खडूस म्हातारा मला लाईनमनचं नाव विचारायला पाठवतोय! तरी तणतणत चार फोन केले. आमच्या डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या लाईनमनचं नाव संपत, एवढं कळलं. ते सांगितल्यावर मला बाकावर जागा मिळाली.

साहेबांचं घराणं कळव्याचं. वडील खाडीकाठच्या मिठागरात राबले. एरवी शुद्ध बोलणारे साहेब वडिलांचा विषय निघाला की घरच्या बोलीत शिरतात. "माजा बापूस मिठागरान होता. ऊन हाच त्याचा कोळसा," असं ते अभिमानाने सांगतात. उन्हावर कारखाना चालतो हे त्यांना कुणी परिषदेत सांगावं लागलं नाही. पण उन्हाचं नुसतं कौतुकही त्यांना खपत नाही. पॅनेलं लावली की सगळे प्रश्न मिटले, असं कुणी म्हणालं की साहेब विचारतात, "आणि पावसाळ्यात काय करणार? मिठागर चार महिने बंद असायचं. बापूस त्याची तजवीज उन्हाळ्यातच करायचा." कुठल्या तरी दूरच्या समुद्रात जहाजं अडली की आपल्या स्वयंपाकघरात गॅसची काळजी सुरू होते. अशा वेळी सगळे घाबरतात आणि दोन आठवड्यांत विसरतात. साहेब विसरत नाहीत. आधी वापर कमी करा, मग साठवायला शिका आणि मग छतावर चढा, हा त्यांचा क्रम गेली पंधरा वर्षं बदललेला नाही.

मी स्वतःचा व्यवसाय सुरू केला तेव्हा सोसायट्यांच्या बैठकीत माझं कुणी ऐकून घेत नसे. साहेब माझ्याबरोबर यायचे आणि मागच्या खुर्चीत बसायचे. विठ्ठलवाडीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक प्रश्न माझ्या डोक्यावरून साहेबांना विचारत होते. शेवटी साहेब म्हणाले, "मला काय विचारता? कंत्राटदार त्या आहेत. मी नुसता चहाला आलोय." काम मला मिळालं.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने ‘एखादी हृद्य आठवण’ मागितली आहे. माझ्याजवळ आहे ती हृद्य नाही. त्या दिवसानंतर ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि साहेबांनीही नाही.

मानपाड्याच्या एका छोट्या प्रसूतिगृहाच्या छतावर मी पॅनेलं बसवली होती. बाहेरची वीज बंद झाली की साधी सौर यंत्रणाही आपोआप थांबते. तिची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊ नये, म्हणून तशी सोय असते. डॉक्टरीणबाई मात्र वैतागायच्या. "अगं शुभांगी, बाहेर ऊन रणरणतंय आणि माझी बाळं गार पडतायत! काय उपयोग तुझ्या पॅनेलांचा?" नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बॅटरीवर जेमतेम वीस मिनिटं चालत. मग मी एक शहाणपणा केला. छोटा जनरेटर जोडून सौर यंत्रणेला फसवलं, की बाहेर वीज आहे. फक्त त्याआधी हाताने मेन स्विच पाडायचा. पाडला नाही, तर आपली वीज बाहेर जाणार. तीनदा हे जमलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

चौथ्या वेळी, भर दुपारी, मी कौतुकाने साहेबांना दाखवायला घेऊन गेले. तेवढ्यात वीज बंद झाली. आतून नर्स ओरडली, "ताई, लवकर! लाईट गेली!" मी धावले आणि जनरेटरच्या बटणावर बोट ठेवलं.

साहेबांनी माझं मनगट धरलं. "गेली, की कुणी बंद केली?"

मी वर पाहिलं. मेन स्विच चालूच होता. घाईत पाडायचा राहिला होता. आणि खिडकीतून गल्लीच्या तोंडाशी खांबावर, तारांना हात घालून काम करणारा संपत दिसत होता.

बटण दाबलं असतं, तर माझी वीज त्याच्या हातातल्या तारेत गेली असती. साहेबांनी शांतपणे मेन पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले, जनरेटरची वेगळी वायर फक्त बाळांच्या खोलीत जोडून दिली. बाळं सुरक्षित झाली. मग म्हणाले, "चल. त्याला सांग."

"साहेब, तुम्ही सांगा ना."

"बोट तुझं होतं."

संपत खाली उतरला. मी रडत, अडखळत सगळं सांगितलं. आधी तीनदा केलं होतं, तेही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो तारांकडे पाहत घोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, "ताई, आता बंद आहे ना?" मी हो म्हटलं. माझ्या त्या ‘हो’वर तो पुन्हा वर चढला. तो उतरेपर्यंत साहेब माझ्याशेजारी उन्हात उभे होते.

पुढचा महिनाभर सत्तरीच्या घरातले साहेब रोज डोंबिवलीला आले. चूक करताच येणार नाही अशी मोठ्या बॅटरीची व्यवस्था आम्ही दोघांनी मिळून उभी केली. डॉक्टरीणबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "आधीचं काम अपुरं होतं, आता पुरं झालं." माझा व्यवसाय वाचला. संपत आजही आमच्या भागात कामावर आहे आणि रस्त्यात भेटला की हात वर करतो.

हे लिहू का, म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, "लिही. नवी मुलं वाचतील."

साहेब, पंचाहत्तरी पूर्ण केल्याबद्दल आपल्याला आम्हा सर्वांचा नमस्कार. आपली प्रकृती उत्तम राहो. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातांची घाई पुरती जाईपर्यंत आपण आमच्यात असावं, एवढंच मागणं आहे. माझी अजून गेलेली नाही, साहेब. तुम्हाला खूप वर्षं थांबावं लागेल.